स्वयंप्रतिरक्षी जठरशोथाची प्रारंभावस्था : अंतर्दर्शनाच्या परिभाषेची चिकित्सा

पाठ्यग्रंथांतून ‘ऑटोइम्यून ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराच्या नावातच एक अडचण दडलेली आहे. या नावाचा मराठी अर्थ स्वयंप्रतिरक्षी अपपुष्टिकारक जठरशोथ असा होईल. अपपुष्टी म्हणजे ऊतकाची झीज. ही झीज विकाराची परिणती होय, आरंभ नव्हे. शरीराची प्रतिरक्षायंत्रणा जठरातील अम्लस्रावी पेशींवर उलटते तेव्हा प्रथम तेथे शोथ उत्पन्न होतो. ग्रंथी काही काळ टिकून राहतात, त्यांपैकी काहींच्या पेशी फुगतात, काही ग्रंथी नष्ट होतात. आणि दीर्घ कालावधीनंतर जठराचा वरचा व मधला भाग पातळ, निस्तेज व ग्रंथिविहीन होतो. नाव पडले ते या शेवटच्या पायरीवरून. परिणाम असा की, दुर्बिणीतून जठर पाहणारा तज्ज्ञ झिजेचा शोध घेतो आणि झीज आढळली नाही म्हणजे विकार नाही असे समजून चालतो. प्रारंभावस्था ओळखण्याचा जो प्रश्न गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे, त्यात उपकरणाच्या क्षमतेचा भाग थोडा आहे. पाहणाऱ्याच्या हाती दिल्या गेलेल्या परिभाषेचा भाग मोठा आहे.

ही परिभाषा कशी घडली हे पाहणे उद्बोधक ठरेल. थॉमस ॲडिसन याने १८४९ साली एका असाध्य पांडुरोगाचे वर्णन केले. १८६० मध्ये अमेरिकेत ऑस्टिन फ्लिंट याने त्या पांडुरोगाचा संबंध जठरग्रंथींच्या ऱ्हासाशी असावा असा तर्क मांडला, आणि १८७० मध्ये सॅम्युएल फेन्विक याने मृतांच्या जठरांची तपासणी करून ग्रंथींचा नाश दाखवून दिला. म्हणजे या विकाराशी शास्त्राचा पहिला परिचय झाला तो शवविच्छेदनाच्या टेबलावर, सर्व काही घडून गेल्यानंतर. पुढे १९२९ मध्ये विल्यम कॅसल याने जठररसातील ‘आंतर घटक’ दाखविला व १९४८ मध्ये ब-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढण्यात आले, तेव्हा मारक पांडुरोगाची साखळी जुळली. परंतु ही साखळीही शेवटाकडून मागे आलेली होती. प्रथम रक्त, मग जठर.

जिवंत माणसाचे जठर पाहण्याची सोय झाली ती रूडॉल्फ शिंडलर याच्या अर्धलवचिक गॅस्ट्रोस्कोपमुळे, १९३२ साली. शिंडलर हा विलक्षण निरीक्षक होता. जीर्ण जठरशोथाचे उत्तान, अपपुष्ट आणि अतिपुष्ट असे जे प्रकार त्याने पाडले, त्यांतील अपपुष्ट प्रकाराचे त्याचे वर्णन अद्यापि जुने झालेले नाही : श्लेष्मल त्वचा करड्या रंगाची व पातळ, आणि तिच्याखालून फांद्याफांद्यांनी पसरलेल्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसणाऱ्या. रक्तवाहिन्या दिसणे हे झिजेचे लक्षण, हा पाठ तेव्हापासून प्रत्येक शिकाऊ अंतर्दर्शकाने गिरविला आहे. १९४९ मध्ये मेलबर्न येथे इयन वुड याने जिवंत रुग्णाच्या जठरातून ऊतकाचा तुकडा काढण्याची लवचिक नळी वापरात आणली. १९५७ मध्ये बॅझिल हिर्शोविट्झ याने काचतंतूंची दुर्बीण सिद्ध केली. साधने बदलली, चित्र स्वच्छ झाले, पण डोळ्याला शिकविलेला धडा तोच राहिला.

त्यानंतरच्या दोन वर्गीकरणांनी हा धडा अधिक पक्का केला. अम्लस्रावी पेशींविरुद्धची प्रतिपिंडे १९६२ मध्ये दाखविली गेली होती. त्यांच्या आधारे १९७३ मध्ये स्ट्रिकलंड आणि मॅके यांनी जीर्ण अपपुष्ट जठरशोथाची ‘अ’ आणि ‘ब’ अशी विभागणी केली. ‘अ’ प्रकारात प्रतिपिंडे आढळतात, जठराचा मुख्य भाग झिजतो आणि निर्गमाकडील भाग, म्हणजे अँट्रम, सुरक्षित राहतो. ‘ब’ प्रकारात अँट्रमही ग्रस्त असते. ही विभागणी मौलिक होती यात शंका नाही. परंतु तिचाही प्रारंभबिंदू अपपुष्टी हाच होता. त्यापूर्वी १९६९ मध्ये जपानमध्ये किमुरा आणि ताकेमोतो यांनी झिजेची सीमारेषा अंतर्दर्शनाने कशी ओळखावी हे दाखवून तिच्या चढत्या क्रमाचे टप्पे ठरवून दिले होते. ही रेषा अँट्रमपासून निघते आणि जठराच्या लघुवक्रतेवरून हळूहळू वर सरकते. १९८२ मध्ये वॉरन आणि मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवून दाखविल्यानंतर या वर चढणाऱ्या रेषेचे कारणही कळले. जंतुजन्य जठरशोथासाठी ती मोजपट्टी उत्तम आहे. स्वयंप्रतिरक्षी विकार तिच्यावर मोजू गेल्यास मात्र मोजपट्टीच उलटी होते, कारण येथे झीज वर असते आणि खालचा भाग शाबूत. जपानी ग्रंथकार यालाच ‘उलटी झीज’ म्हणतात. शब्द चपखल आहे. पण उलटी असली तरी ती झीजच, आणि प्रारंभावस्थेत तीसुद्धा नसते.

मग प्रारंभी असते काय? सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते असे. अम्लस्रावी पेशींतील हायड्रोजन-पोटॅशियम एटीपेज हे वितंचक प्रतिरक्षायंत्रणेचे लक्ष्य ठरते. लसीकापेशी आणि प्लाविका पेशी श्लेष्मल त्वचेच्या खोल थरात, ग्रंथींच्या भोवती, जमा होतात. जंतुजन्य शोथात हा जमाव पृष्ठभागाजवळ दाट असतो. येथे तो तळाकडे झुकलेला असतो. काही ठिकाणी ग्रंथींचा नाश सुरू झालेला, तर शेजारीच ग्रंथी अखंड. उरलेल्या अम्लस्रावी पेशी फुगून ग्रंथीच्या पोकळीत डोकावतात. हा सारा प्रकार ठिगळाठिगळांनी चाललेला असतो. या अवस्थेत श्लेष्मल त्वचा पातळ होण्याऐवजी भरलेली असते आणि भरलेल्या त्वचेतून खालच्या रक्तवाहिन्या दिसत नाहीत. ज्या लक्षणावर डोळा घडविला गेला, नेमके त्याच्या विरुद्ध लक्षण प्रारंभावस्थेचे आहे. या एका विसंगतीवर पुढील सर्व विवेचन उभे आहे.

अलीकडच्या वाङ्मयात, विशेषतः जपानी अभ्यासकांच्या लेखनात, प्रारंभावस्थेची काही दृश्यलक्षणे नोंदविलेली आहेत. पहिले लक्षण म्हणजे जठराच्या मुख्य भागातील सूक्ष्म क्षेत्रे फुगून लालसर होणे आणि त्यांच्यामधल्या बारीक रेषा उठून दिसल्यामुळे पृष्ठभागाला मोझेइक फरशीसारखे रूप येणे. दुसरे लक्षण अभावाचे आहे. निरोगी, जंतुविरहित जठरात मुख्य भागाच्या लघुवक्रतेवर संग्राहक सूक्ष्मशिरांचे तारकाकृती ठिपके समान अंतरांवर दिसतात. यागी यांनी २००२ मध्ये या मांडणीचे महत्त्व प्रतिपादन केले. अँट्रम स्वच्छ असताना मुख्य भागातील ही मांडणी विस्कळीत झाली असेल, तर ती गोष्ट दखल घेण्याजोगी आहे. तिसरे आणि सर्वांत विचारप्रवर्तक लक्षण म्हणजे लालसर गाठींचे. कोतेरा आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये या गाठींना ‘आभासी पॉलिप’ म्हटले.

या तिसऱ्या लक्षणापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘पॉलिप’ म्हटले की नवीन काहीतरी वाढले आहे अशी कल्पना मनात उभी राहते. वस्तुतः या गाठी वाढलेल्या नाहीत. सभोवतालची त्वचा झिजून खाली बसली आणि ज्या बेटांमध्ये अम्लस्रावी ग्रंथी अद्याप शिल्लक आहेत ती बेटे उंचवट्यासारखी दिसू लागली, एवढाच त्यांचा अर्थ. पूर ओसरलेल्या नदीपात्रात उरलेल्या मातीच्या ढिगांना कोणी नवे डोंगर म्हणत नाही. या गैरसमजाचा व्यावहारिक परिणाम फार मोठा आहे. अंतर्दर्शक गाठ पाहतो, तिला विकृती मानतो आणि तिचाच तुकडा काढून विकृतितज्ज्ञाकडे पाठवितो. तुकड्यात ग्रंथी शाबूत असतात, थोडा शोथ असतो. अहवाल येतो : सौम्य जीर्ण जठरशोथ. विकार जेथे होता तो सपाट भाग कोणी तपासलाच नाही. येथे चूक ना डोळ्याची, ना सूक्ष्मदर्शकाची. ती ‘पॉलिप’ या शब्दाने घडविलेली आहे. मागे लावलेले ‘आभासी’ हे विशेषण तिला पुरेसे आवर घालू शकत नाही. ‘अवशिष्ट बेट’ अशी संज्ञा असती तर तुकडा बेटावरून आणि बेटांमधल्या सखल जागेतूनही घ्यावयाचा, हे सांगण्याची वेगळी गरज पडली नसती.

या नव्या लक्षणांचे स्वागत करतानाच त्यांच्या प्रामाण्याची कठोर तपासणी झाली पाहिजे. ती अद्याप पुरेशी झालेली नाही. पहिला आक्षेप असा की, ही लक्षणे विशिष्ट नाहीत. मोझेइकसारखे रूप यकृतविकारामुळे प्रवेशिनी शिरेतील रक्तदाब वाढलेल्या रुग्णाच्या जठरातही दिसते, आणि तेथे ते फार पूर्वीपासून परिचित आहे. मुख्य भागाची लाली आणि सूक्ष्मशिरांच्या मांडणीचा लोप ही तर जंतुजन्य शोथाचीच प्रसिद्ध लक्षणे होत. याहून अवघड प्रश्न अम्लरोधक औषधांचा आहे. प्रोटॉन पंप रोखणारी औषधे दीर्घकाळ घेतलेल्या माणसाच्या जठरात अम्लस्रावी पेशी अशाच फुगून ग्रंथीच्या पोकळीत डोकावतात, गॅस्ट्रिन वाढते आणि पृष्ठभागावर गोट्यांच्या फरसबंदीसारखे उंचवटे येऊ शकतात. ही औषधे आज पित्ताच्या तक्रारीवर सर्रास घेतली जातात. तेव्हा रुग्ण कोणते औषध किती दिवस घेत आहे हे न विचारता नोंदविलेल्या उंचवट्यांना पुरावा म्हणून फारशी किंमत देता येत नाही.

दुसरा आक्षेप पद्धतीचा आहे आणि तो अधिक मूलगामी आहे. प्रारंभावस्थेची लक्षणे ज्या रुग्णांवरून ठरविली गेली ते रुग्ण बहुधा आधीच संशयित होते. कोणाला अवटु ग्रंथीचा स्वयंप्रतिरक्षी विकार होता, कोणाची प्रतिपिंडे आढळली होती, कोणाच्या पूर्वीच्या तुकड्यात शंकास्पद चिन्हे होती. निदान ठाऊक असलेला तज्ज्ञ जेव्हा चित्र पाहतो तेव्हा त्याला त्या निदानाला अनुकूल तपशील दिसतात. हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. मग तेच तपशील निदानाची लक्षणे म्हणून पुढे मांडले जातात. यात वर्तुळाकार युक्तिवादाचा दोष आहे. जे रुग्ण अन्य कारणासाठी दुर्बिणीखाली आले आणि ज्यांच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते, अशांमध्ये या लक्षणांनी किती जणांना बरोबर ओळखले आणि किती जणांना उगाच संशयात टाकले, हा खरा प्रश्न होय. पाचदहा रुग्णांच्या सुंदर रंगीत चित्रांनी त्याचे उत्तर मिळत नाही.

उलट बाजूने, प्रगत अवस्थेच्या आकड्यांचेही वाचन सावधपणे केले पाहिजे. तेराओ आणि त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये अनेक जपानी रुग्णालयांतील २४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुख्य भागाची प्रगत झीज सुमारे ९० टक्के रुग्णांत होती. हा आकडा विकाराचे वैशिष्ट्य म्हणून उद्धृत केला जातो. बारकाईने पाहिल्यास तो विकाराविषयी जितके सांगतो त्याहून अधिक निदानाच्या वेळेविषयी सांगतो. झीज दिसल्यावरच संशय घेण्याची रीत असेल तर निदान झालेल्या रुग्णांत झीज सर्वत्र आढळणारच. जपानी तज्ज्ञांनी २०२३ मध्ये मांडलेले निदाननिकष या दृष्टीने प्रामाणिक आहेत. दृश्य अथवा ऊतकीय लक्षणांना प्रतिपिंडांची जोड त्यांनी आवश्यक मानली आणि मुख्य भर प्रस्थापित विकारावरच ठेवला. प्रतिपिंडांचाही आधार निरपवाद नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. निरोगी माणसांतही ती अल्प प्रमाणात आढळतात, आणि विकार शेवटास गेला, लक्ष्य असलेल्या पेशीच उरल्या नाहीत, म्हणजे ती मंदावूही शकतात.

या आक्षेपांचा निष्कर्ष दृश्यलक्षणे टाकून द्यावीत असा नाही. त्यांची योग्य जागा ठरवावी, इतकाच आहे. मोझेइक रूप किंवा लालसर बेटे यांनी निदान होत नाही. तुकडा कोठून घ्यावयाचा हे त्यांनी कळते. १९९४ मध्ये सुधारलेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिडनी पद्धतीप्रमाणे पाच ठिकाणांहून तुकडे घ्यावयाचे असतात : दोन अँट्रममधून, एक जठराच्या कोनापासून आणि दोन मुख्य भागातून. स्वयंप्रतिरक्षी विकाराच्या दृष्टीने यातील अत्यावश्यक गोष्ट म्हणजे अँट्रमचे आणि मुख्य भागाचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाठविणे. ग्रंथी नष्ट झालेल्या मुख्य भागात अँट्रमसारख्या ग्रंथी उगवू लागतात. सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले तर विकृतितज्ज्ञ अशा तुकड्याला अँट्रमचाच समजतो, आणि त्याला दोष देता येत नाही. दोन बाटल्या आणि त्यांवरील दोन चिठ्ठ्या यांचे मोल येथे महागड्या भिंगापेक्षा अधिक ठरते.

आता असा प्रश्न स्वाभाविक आहे की, ज्या विकाराची वाटचाल थांबविणारा रूढ उपचार नाही तो लवकर ओळखून काय साधणार? हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. १९६५ आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत स्टेरॉइड दिल्यावर मारक पांडुरोगाच्या काही रुग्णांत अम्लस्रावी पेशी पुन्हा दिसू लागल्या होत्या. पण त्या औषधाचे दुष्परिणाम पाहता तो मार्ग रूढ झाला नाही, आणि न होणेच योग्य. तथापि लवकर ओळखण्याचा लाभ अन्यत्र आहे. जठरातील अम्ल घटले की अन्नातील लोहाचे शोषण बिघडते, आणि शरीरातील ब-१२चा साठा वर्षानुवर्षे पुरणारा असल्यामुळे लोहाची उणीव आधी प्रकट होते. हर्शको आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६० रुग्णांचे जे विश्लेषण केले त्यात ८३ जणांना लोहन्यूनतेचा पांडुरोग होता; मोठ्या रक्तपेशींचा, म्हणजे पाठ्यग्रंथांत रंगविलेला, पांडुरोग केवळ २९ जणांना होता. पहिल्या गटाचे सरासरी वय दुसऱ्यापेक्षा २१ वर्षांनी कमी होते. ही २१ वर्षे म्हणजे प्रारंभ आणि शेवट यांच्यातील अंतराचा सर्वांत बोलका पुरावा होय. या काळात कित्येक स्त्रिया लोहाच्या गोळ्या घेत राहतात, गोळ्या लागू पडत नाहीत, दोष मासिक स्रावावर किंवा गोळ्या नियमित न घेण्यावर ढकलला जातो, आणि जठराकडे कोणाचे लक्ष जात नाही.

दुसरी विटंबना जंतुनाशक उपचारांची. अम्लविरहित जठरात युरिया फोडणारे अन्य जंतू वाढतात. त्यामुळे श्वासाची युरिया-चाचणी हेलिकोबॅक्टर नसतानाही होकारार्थी येऊ शकते. रुग्णाला उपचार दिला जातो, चाचणी पुन्हा होकारार्थी येते, मग औषधांचा दुसरा संच, मग तिसरा. नसलेल्या जंतूवर झालेले हे हल्ले नोंदींत ‘उपचारास दाद न देणारा संसर्ग’ म्हणून जमा होतात.

महाराष्ट्रापुरता या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब-१२चे प्रमाण कमी आढळले, आणि शाकाहाराशी त्याचा निकट संबंध दिसला. हे संशोधन महत्त्वाचे आहे. परंतु त्याची सावली दवाखान्यात वेगळ्या प्रकारे पडते. उणीव इतकी सार्वत्रिक असली की, प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत आहाराचे कारण पुढे करून विचार तेथेच थांबविता येतो. शाकाहारी माणसाला स्वयंप्रतिरक्षी जठरशोथ होत नाही असे थोडेच आहे? या संदर्भात लुसी विल्स हिचे उदाहरण स्मरणीय आहे. १९२८ पासून मुंबईत तिने कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला. रक्ताचे चित्र मारक पांडुरोगासारखेच. पण कारण निराळे. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या झाल्या आणि त्या घटकाची पुढे फोलिक अम्ल म्हणून ओळख पटली. चित्र एक आणि कारणे दोन, हा तिच्या संशोधनाचा आशय. पुण्यामुंबईच्या आजच्या दवाखान्यांत तोच प्रश्न उलट बाजूने उभा आहे.

लवकर निदानाने जे साधते ते थोडक्यात असे : लोह आणि ब-१२ वेळेवर देऊन मज्जातंतूंची हानी टाळता येते, अवटु ग्रंथीची आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची चौकशी होते, गॅस्ट्रिनच्या अतिरेकामुळे उद्भवणाऱ्या मज्जा-अंतःस्रावी अर्बुदांवर लक्ष ठेवता येते, आणि वर वर्णिलेला निरर्थक जंतुनाशक उपचार वाचतो.

वर्तुळाकार युक्तिवादाचा दोष दूर करण्याचा एक मार्ग मात्र संशोधकांना खुला आहे आणि तो खर्चिकही नाही. अंतर्दर्शनाची चित्रे आज रुग्णालयांत वर्षानुवर्षे जतन केली जातात. प्रगत विकाराचे निदान ज्यांचे आज झाले, त्यांपैकी अनेकांची दुर्बिणीची तपासणी पाच किंवा दहा वर्षांपूर्वीही झालेली असते आणि अहवालात ‘जठर सामान्य’ अथवा ‘किंचित लाली’ एवढेच लिहिलेले असते. ती जुनी चित्रे बाहेर काढावीत. त्यांत हेलिकोबॅक्टरग्रस्त रुग्णांची आणि दीर्घकाळ अम्लरोधक औषध घेणाऱ्यांची तितकीच चित्रे मिसळावीत. आणि पुढे काय झाले हे ठाऊक नसलेल्या दोन तज्ज्ञांपुढे ती ठेवावीत. मोझेइक रूप, शिरांच्या मांडणीचा लोप, अवशिष्ट बेटे यांपैकी कोणते लक्षण तिन्ही ढिगांत सारखेच सापडते आणि कोणते एकाच ढिगात, हे त्यावरून निश्चित होईल. दोघा तज्ज्ञांचे एकाच चित्राविषयी कितपत एकमत होते तेही नोंदवावे, कारण ज्या शब्दावर दोन अनुभवी डोळ्यांचे एकमत होत नाही तो शब्द निकषांच्या यादीत घालता येणार नाही.